वाढीव तृतीया

वस्तरा कंठावर असताना माणसाने हलू नये एवढी अक्कल भिवाजीला होती, म्हणून तो हलला नाही. नाहीतर त्या क्षणी तो दगडूच्या खुर्चीतून ताडकन उठलाच असता. वर्तकनगरच्या नाक्यावरच्या या दुकानात तो दर रविवारी दाढीला येई. घरी स्वतःची स्वतः करता येत नव्हती असं नाही. पण आठवडाभर बोटीवर डिझेलचा वास नाकात भरून घेतल्यावर रविवारी कुणीतरी दुसऱ्याने आपल्या तोंडाला पांढराशुभ्र फेस लावावा आणि आपण डोळे मिटून पडावं, ही त्याची एवढीशी चैन होती. आज डोळे मिटायच्या आधी नजर आरशाशेजारच्या कॅलेंडरवर गेली. नवं साल लागून दीड महिना झाला, माघ सुरू झाला, तरी त्या भिंतीवर अजून दिवाळीच चालू होती. वर कमळात बसलेली लक्ष्मी आणि खाली नोव्हेंबरचे चौकोन.

"अरे दगडू, साल बदललं की. हे उतरव आता."

"उतरवतो ना. पण नवीन कॅलेंडरवर काय हाय, माहितेय? सिमेंटची गोणी. लक्ष्मी उतरवून गोणी टांगू काय दुकानात?" असं म्हणून दगडूने दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली.

हनुवटी वर गेली तशी नजर बरोबर त्या चौकोनांवर आली आणि दुसरं काही बघायला नसल्यामुळे तिथेच राहिली. लक्ष्मीपूजन. पाडवा. भाऊबीज. भाऊबीजेच्या पुढच्या चौकोनात बारीक अक्षरात तृतीया. त्याच्या पुढच्या चौकोनात चतुर्थी हवी, तिथेही तृतीयाच. भिवाजीने पुन्हा वाचलं. छापणाऱ्याने डुलकी काढली असेल, असंही क्षणभर वाटून घेतलं. पण छापणाऱ्याच्या माथी मारून सुटण्यासारखी ती गोष्ट नव्हती. तिथ कधी गळते, कधी वाढते, एकच तिथ दोन दिवस राहते, हे त्याला सात वर्षांचा असताना बापाने होडीच्या फळीवर बसवून सांगितलं होतं. म्हणजे दिवाळीनंतरचा, खाडीत तेल शिरलं तो गुरुवार पंचमीचा नव्हताच. चौथ होती. म्हणजे पाणी लागलं ते अकराला नाही. सव्वादहाला.

"हलू नको, शेठ," दगडू म्हणाला.

"मी कुठे हललो?" भिवाजी म्हणाला. आणि खरंच तो हललेला नव्हता. हाताची बोटं मात्र कापडाखाली आपोआप मोजायला लागली होती, अंगठा एकेका पेरावरून सरकत होता. खाडीकाठच्या पोराला पाढे यायच्या आधी हे येतं. तिथीची पाऊणपट केली की भरती भरायची वेळ निघते. चौथ असेल तर तीन, पंचमी असेल तर पावणेचार. त्यातून सहा तास मागे आलं की पाणी लागायची वेळ, म्हणजे ओहोटी संपून भरतीला सुरुवात व्हायची. ही झाली बंदरातली वेळ. तिथून कोलशेतपर्यंत पाणी वर चढायला अजून सव्वा तास. घड्याळ नको, कागद नको. बाप धाकू कोळी आयुष्यभर एवढ्यावर होडी काढत आला आणि त्याची होडी कधी चिखलात बसली नाही. भिवाजीने त्या गुरुवारी हेच केलं होतं, फक्त भाऊबीजेपासून पुढे नुसते दिवस मोजले होते. भाऊबीज म्हणजे दोन, मग तीन, मग चार, मग पाच. दिवाळी सरली की कॅलेंडरकडे कोण बघतो? आणि त्याच्या घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तर कंपनीचं होतं. त्यावर निळ्या समुद्रात उभं पांढरं जहाज होतं, आणि इंग्रजी तारखांशिवाय एक अक्षर नव्हतं.

सांडलेलं तेल पाण्यावरून उचलायची बोट, एवढं सांगितलं की वर्तकनगरातल्या लोकांना वाटायचं, भिवाजी रोज समुद्राशी झुंजतो. खरं म्हणजे ती बोट वर्षातले साडेअकरा महिने धक्क्याला बांधलेली असायची. काम नसणं हेच तिचं काम. आणि ज्या दिवशी काम निघेल तो दिवस कुणाच्या तरी घरी वाईट. दर मंगळवारी कवायत व्हायची. केशरी रबरी नळ्यांची ती लांबलचक माळ, जिला सगळे बूम म्हणायचे, पाण्यात सोडायची, दोन टोकं ओढून कुंपण करायचं, पुन्हा गुंडाळायची, गोड्या पाण्याने धुवायची. मग स्किमर फिरवून बघायचा. त्याचे पिंप पाण्यात फिरले की तेल त्यांना चिकटतं आणि पट्टी ते खरवडून टाकीत सोडते. कढईला चिकटलेला खवा उलथन्याने काढावा तसं. स्किमरवर सीताराम होता, कल्याणच्या कोळसेवाडीतला. तो म्हणायचा, "भिवा, आपण फायर ब्रिगेडवाले आहोत, फक्त आपल्या आगीला धूर नाही." भिवाजीला कंपनीने घेतला तो बूमवर, खाडीतला माणूस म्हणून. मुलाखतीत साहेबाने एकच विचारलं होतं, पाणी कळतं का? भिवाजीला हसू आलं होतं. कोळ्याला पाणी कळतं का म्हणे. त्या उत्तरावर नोकरी मिळाली, नोकरीवर वर्तकनगरची खोली मिळाली, खोलीवर शालनसारखी शिकलेली बायको मिळाली. आणि चौदा वर्षांत त्या एका उत्तराची परीक्षा एकदाच झाली.

बार्ज फुटला बुधवारी संध्याकाळी, घोडबंदरच्या वळणाजवळ. कारखान्यांच्या भट्ट्यांना लागतं ते काळं तेल घेऊन वर येत होता, पाण्याखाली कशावर तरी चढला आणि पोट फाडून घेतलं. गुरुवारी उजाडता बोट तिथे पोचली तेव्हा तेलाचा वास पाण्याच्या आधी आला होता. डांबरासारखा, घशाला बसणारा, डोळ्यांच्या मागे जाऊन ठणकणारा. ओहोटी चालू होती, तेल खाली सरकत होतं, आणि पाणी फिरलं की तेच तेल उलटं वर येणार होतं, कोलशेतच्या बाजूला जो आतला फाटा आहे, तिवरांमधून गावाच्या मागपर्यंत जाणारा, त्यात शिरणार होतं. त्या फाट्याच्या तोंडाला बूम लावायचा, असं ठरलं. बूम लावायचा तो पाणी थांबलेलं असताना. एकदा धार धरली की पाणी बूमला खाली दाबतं, आणि तेल त्याच्या पोटाखालून निघून जातं. मग कुंपण असलं काय अन् नसलं काय. कॅप्टन देवस्थळी नकाशावर वाकून उभे होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "भिवा, तुझ्या गावात पाणी कधी लागेल?" भिवाजीने अंगठा पेरांवरून फिरवला आणि सांगितलं, "अकरा, साहेब." "नक्की?" "साहेब, माझं गाव आहे ते." देवस्थळींनी मान हलवली. अकराला अवकाश आहे तर तोवर इथला जाड थर उचलून घेऊ, असं म्हणाले. आणि सीतारामने पिंप फिरवायला सुरुवात केली.

साडेदहाला ते फाट्याच्या तोंडाशी आले तेव्हा तिवरांच्या मुळांशी पाणी आत चाललं होतं. भिवाजीला ते दिसलं होतं. आणि त्याच क्षणी त्याने स्वतःला सांगितलं होतं, वारा आहे, वाऱ्याने ढकललंय. हे आज, गालावरून वस्तरा फिरत असताना, त्याला अगदी स्वच्छ आठवलं. वारा नव्हता. बूमचं एक टोक खुंटाला बांधून दुसरं ओढेपर्यंत बूम मधोमध वाकला, दबला, आणि काळं पाणी त्याच्याखालून सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखं, आत गेलं. पलीकडच्या बांधावर गावातली माणसं उभी होती. त्यांत बाप होता. दोन्ही हात मागे बांधून उभा होता. त्याने हाक मारली नाही, हात केला नाही. नुसता पाण्याकडे बघत होता, आणि मग एकदा बोटीकडे.

पुढचे नऊ दिवस ते तिवरांत होते. मूळ न् मूळ पुसलं. गोणपाट, भुसा, नारळाची सोडणं, मिळेल ते घेऊन चिखलातून तेल टिपलं. जे टाकीत जमायचं त्यात निम्मं पाणीच. अंगावरचं तेल खोबरेलाने काढायचं, मग साबणाने, मग पुन्हा खोबरेलाने. तरी भाकरी तोंडाशी नेली की बोटांतून वास यायचा. आई, मनुबाई, एक दिवस पाटी घेऊन त्यांच्याजवळून गेली. पाटीत निवट्या होत्या, चिखलातून उड्या मारणारे ते बोटभर मासे. आता उड्या मारत नव्हते, आणि काळ्या चिखलाने माखून सगळे एकसारखे दिसत होते. कालवं वेचायला ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून त्या फाट्यात जात होती. त्या दिवसानंतर गेली नाही. भिवाजी अधूनमधून घरी जायचा तेव्हा ती ओट्यावर बसलेली असायची, रिकाम्या हातांनी, आणि म्हणायची, "तुज्या सायबाचा वाटोला झाला पायजे." तो मान खाली घालून चहा प्यायचा. सगळ्या गावात एकच बोललं जात होतं. साहेब तिकडे टाकी भरत बसला, इकडे पाणी लागलं. बोटीवरही तेच बोललं जायचं, फक्त जरा हळू.

आणि कंपनीनेही तेच धरलं. चौकशी झाली. देवस्थळींना घरी बसवलं, निर्णय व्हायचा होता. सगळ्यांच्या जबान्या झाल्या तेव्हा भिवाजीनेही दिली. त्याने लिहिलं होतं, 'कॅप्टनसाहेबांनी हुकूम दिल्यावर आम्ही फाट्याकडे निघालो. पोचलो तेव्हा पाणी लागलेलं होतं.' त्यात एक शब्द खोटा नव्हता. खोटं बोलायचं तर माणसाला निदान घाम फुटतो. असं अर्धं खरं लिहायला काहीच लागत नाही, पेनसुद्धा अडत नाही. तेव्हा त्याला वाटलं होतं, हिशोब आपला बरोबरच होता, मग वेळ कोणी सांगितली हे लिहायची गरज काय? पण वाटलं होतं की वाटून घेतलं होतं? दगडूने तुरटी फिरवली आणि कापड झटकलं. भिवाजीने गालावरून हात फिरवला. गुळगुळीत झाला होता. बाहेर ऊन होतं, रविवारची माणसं मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभी होती, आणि त्याला एवढं थकायला झालं की तो तिथेच दुकानाच्या पायरीवर बसला.

घरी गेला तर शालन म्हणाली, "किती वेळ! चहा निवला तुमचा." तो म्हणाला, "डोंबिवलीला जाऊन येतो." तिने कशाला विचारलं तर काय सांगायचं याची त्याने मनात जुळवाजुळव केली होती, पण तिने विचारलं नाही, नुसतं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि चहा पुन्हा गॅसवर ठेवला. तिचं हे न विचारणं त्याला कधीकधी जड जायचं. दुपारी तो मुंब्र्यावरून जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसला. शीळफाट्याला गाडी रखडली. खिडकीतून धूळ येत होती, आणि त्याला राहून राहून वाटत होतं, आपण घोकतोय ते काय? 'साहेब, तृतीया दोन होत्या.' हे वाक्य डोंबिवलीतल्या साहेबांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दारात उभं राहून कसं म्हणणार? एवढा मोठा चिखल काळा झाला, एक माणूस घरी बसला, आणि कारण काय, तर दोन तृतीया. कुणाला हसूच येईल.

देवस्थळी घरात एकटेच होते. लुंगी आणि बनियन. बोटीवर कडक इस्त्रीत वावरणारा हा माणूस इथे एकदम लहान, कुणाचा तरी काका असल्यासारखा दिसत होता. टेबलावर शब्दकोडं अर्धवट सोडवलेलं होतं. त्यांनी पाणी आणून दिलं आणि भिवाजीचं सगळं ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून एक लहानशी वही काढली, पान शोधलं आणि त्याच्यापुढे धरलं. पानावर पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडरबराने पुसलेलं होतं. कागदावर खळगे राहिले होते. उजेडात धरल्यावर वाचता आलं. दहा पंधरा.

"भरती-ओहोटीच्या तक्त्यात बंदराची वेळ असते. त्यात कोलशेतचा सव्वा तास मिळवला, सव्वादहा आले. सकाळी सहालाच लिहून ठेवलं होतं मी," देवस्थळी म्हणाले. "मग तुला विचारलं."

"मग माझं का ऐकलंत?"

"छापलेल्या तक्त्यापेक्षा खाडीतल्या माणसाला जास्त कळतं असं मी तीस वर्षं मानत आलो. बहुतेक वेळा ते खरंही निघालं. तू इतक्या खात्रीने सांगितलंस, मला वाटलं माझीच बेरीज चुकली. पुसलं."

"रिपोर्टात माझं नाव का नाही टाकलंत, साहेब?"

"रिपोर्टात मास्टरची, म्हणजे कॅप्टनची सही असते, भिवा. त्याला कोणी काय सांगितलं याला रकाना नसतो." ते थोडं हसले. मग म्हणाले, "हे बघ, तू काही लिहूबिहू नकोस. मला दोन वर्षांनी घरीच बसायचं होतं, आता बसलो. तुला अजून त्या बोटीवर काढायचीत. आणि त्या गावात तोंड दाखवायचंय. झालं ते होऊन गेलं."

किती सोपं होतं. उठायचं, नमस्कार करायचा, जिना उतरायचा. भिवाजी उतरलाही. खाली रस्त्यावर नारळवाला उभा होता, पोरं क्रिकेट खेळत होती. आपल्याला सुटल्यासारखं वाटायला हवं, असं त्याला वाटलं, आणि तसं काही वाटेना. उलट ती पुसलेली जागा डोळ्यांपुढून जाईना. साहेबाने आपल्या शब्दावर स्वतःचं अक्षर पुसलं. त्याला कुणी एवढं मानलं होतं, तीन महिने मानलेलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता. तो तीन महिने त्याच माणसाला बोटीवरच्या चहात बिस्कीट बुडवावं तसा सहज बोलण्यात बुडवत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने चार फुलस्केप कागद घेतले. घरी न जाता माजिवड्याला उतरला आणि कोलशेतची वाट धरली.

धाकू ओट्यावर जाळं सांधत बसला होता. सत्तरी उलटली होती, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, पण गाठ मारायला त्याला डोळे लागत नसत. मनुबाई आत तांदूळ पाखडत होती. ऊन तिवरांवर तिरपं पडलं होतं, आणि इतक्या लांबूनही मुळांवरची काळी रेघ दिसत होती, मोजून सगळ्या झाडांवर एकाच उंचीला. तितकं पाणी त्या दिवशी चढलं होतं.

"कवा आयलास?" बाप म्हणाला.

"आताच."

"चा पिशील?"

"नको, बाबा."

भिवाजी पायरीवर बसला. सांगायचं होतं ते डोंबिवलीत एकदा सांगून झालं होतं, म्हणून इथे सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. पण बापाच्या पुढ्यात त्याचं तोंड उघडेना. साहेबाला सांगणं म्हणजे चूक सांगणं होतं. बापाला सांगायचं म्हणजे असं सांगायचं की तुम्ही मला एकच गोष्ट शिकवलीत, आणि तीच मी सांडली. जाळ्याच्या सुईचा घासल्यासारखा आवाज येत होता. गावातून कुणाच्या तरी टीव्हीवरचा पिक्चर ऐकू येत होता.

"उद्या होरी कारायची म्हनतंय," बाप म्हणाला. "बाहेरच्या अंगाला. आत काय ऱ्हायला नाय. पानी कवा लागंल उद्या?"

गेल्या तीन महिन्यांत बापाने त्याला हे विचारलं नव्हतं. आधी विचारायचा, स्वतःला ठाऊक असलं तरी विचारायचा, पोराची उजळणी घेतल्यासारखं. भिवाजीचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर गेला. अमावास्या गेली मंगळवारी. एक. दोन. तिसऱ्या पेरावर अंगठा थांबला, आणि पुढे जाईना.

बापाने जाळ्यावरून मान वर केली नाही. म्हणाला, "या पंधरवड्यात वाढीव तिथ नाय. मोज बिनघोर."

भिवाजीने अंगठा पेरावरून उचलला. मग त्याने विचारलं, "कवापासून ठाऊक आहे?"

"त्याच दिशी. दोन तृतीया व्हत्या. मी बांधावर सव्वादहाला ऱ्हायलो उभा. तुमी नाय आयले. तवाच कललं, यानं पाच मोजली."

"मग बोललात का नाही?"

"बोललो ना. गावाला बोललो, सायबानं उशीर केला. पयला मीच बोललो. तुज्या आयलाबी मीच सांगितला." धाकूने गाठ ओढून घट्ट केली. "पोरगा चुकला म्हनून कोन सांगंल? ज्याला पानी कलतं म्हनून बोटीवर नेला, त्यो?"

आतला तांदूळ पाखडायचा आवाज थांबला होता. मनुबाई दाराशी आली नाही, पण तिथेच कुठेतरी ती उभी होती. भिवाजीला आधी राग आला, बापाचा, एवढे दिवस गप्प राहिल्याचा. मग कळलं, तो राग नाही. तीन महिने सगळेच त्याला पाठीशी घालत होते. एकाने गावात खोटं सांगितलं, दुसऱ्याने वहीत पुसलं, आणि तो त्या दोघांच्या मध्ये बसून चहा पीत होता. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो नुसता थकवा, नऊ दिवस तिवरांत वाकून होता तसा, कंबरेतून वर चढणारा.

"मी लिहून देणार आहे कंपनीत," तो म्हणाला. "साहेब घरी बसलेत."

धाकूने हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाला, "तू लिवलास तर मी खोटा परन गावात."

"हो."

"नोकरी?"

"काय माहीत."

धाकूने सुई जाळ्यात टोचून ठेवली आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर पुसले. बांधाकडे बघितलं, जिकडे त्या दिवशी तो उभा होता. "परू दे," तो म्हणाला. "म्हातारा मानूस. किती दिस परन? लिव."

भिवाजीने कागद काढले. मांडीवर पाट घेतला, पाटावर कागद. तारीख घातली. पेन या वेळी अडलं, चार वेळा अडलं. एवढंसं लिहायला उजेड जवळजवळ संपला. लिहून झाल्यावर बाप म्हणाला, "वाच."

त्याने वाचलं. "दिवाळीनंतरच्या गुरुवारी पाणी लागायची वेळ कॅप्टनसाहेबांनी मला विचारली. माझ्या वडिलांनी शिकवलेल्या हिशोबाने मी अकरा ही वेळ सांगितली. ती चुकीची होती. साहेबांची वेळ बरोबर होती."

"थांब," धाकू म्हणाला. "त्यो बापाचा काट."

"बाबा, तुमच्यावर काही येत नाही त्याने, नुसतं..."

"माज्यावर येऊ दे का नको, त्यो नाय सांगत. हिसाब चुकला नाय." म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हिसाब माज्या आज्याचा हाय. त्यो कदी चुकला नाय. मोजनारा चुकला. तसा लिव."

भिवाजीने बापाच्या त्या चार शब्दांवर रेघ मारली. सरळ मारली. वर लिहिलं, 'वाढीव तृतीया मी मोजली नाही.' ते वाचून दाखवलं. धाकूने मान हलवली, जाळं पुन्हा मांडीवर ओढलं आणि सुई चाचपून हातात घेतली. दाराआडून मनुबाई आली. तिने दोघांच्या मध्ये कंदील ठेवला आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. तिने साहेबाला शिवी दिली नाही. भिवाजीकडे बघितलंही नाही.

"आता सांग," बाप म्हणाला. "उद्या पानी कवा लागंल?"

भिवाजीने कागदाची घडी खिशात घातली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तो मोठ्याने मोजत होता. प्रतिपदा. द्वितीया. तृतीया. अंगठा तिसऱ्या पेरावर टेकला, जरा थांबला. समोर बाप सुई धरून ऐकत होता. मग अंगठा पुढे सरकला. चौथ. पंचमी. षष्ठी.

"पावणेबारा," तो म्हणाला.

"बरोबर," धाकू म्हणाला, आणि पुढची गाठ मारली.